बापटाचं नाक आणि क्लिंटनचं यान

"सर्कस आहे ती. संगीत नव्हे," असं बापट म्हणाला आणि रविवारची संध्याकाळ कामातून गेली.

विषय खरं तर कोर्टाचा होता. फंक हा नाचरा प्रकार गाजवणाऱ्या जॉर्ज क्लिंटन या अमेरिकन गायकाच्या नव्या दाव्याची बातमी सुहासने ग्रुपवर टाकलेली होतीच. शंभर दशलक्ष डॉलरचे रुपये दिन्याने लगेच काढले होते ("साडेआठशे कोटी हुत्यात, भावा!"). ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी अजून कोर्टाची पायरी चढावी लागते, यावर रीतसर हळहळून झालं. चहा सांगून झाला. मग सुहासने मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि पार्लमेंट-फंकाडेलिकच्या, म्हणजे क्लिंटनच्या बँडच्या, जुन्या कार्यक्रमांचे तुकडे लावले. बापटने तीनेक मिनिटं सहन केलं. तेवढ्यात पडद्यावर बँडचा गिटारवाला गॅरी शायडर आला. कमरेला लंगोट, गळ्यात गिटार, बाकी कारभार निसर्गावर सोडलेला. बापटने मान फिरवली आणि वरचं वाक्य टाकलं.

आमच्या बापटाकडे रेकॉर्ड प्लेअर आहे. त्यावर धूळ बसू नये म्हणून त्याच्या हॉलमधला पंखा बारा महिने एकवर असतो आणि वहिनी मे महिन्यात माहेरी असतात. स्पीकरची वायर त्याने चौदा हजारांना आणली, आणि ती आणल्यापासून गाण्यापेक्षा वायर जास्त ऐकतो. गाणं सुरू झालं की तो डोळे मिटतो. समोरच्याने उघडे ठेवले तर त्याचाही त्याला त्रास होतो.

वैशू गडकरी रंगायतनमधली तालीम उरकून आली होती. ती प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते, त्यामुळे पैसे बुडण्याचा तिचा अनुभव दांडगा आहे आणि जिभेला धार आहे. ती म्हणाली, "लंगोट वाजवत नाहीये बापट, शायडर वाजवतोय. ऐक की."

"ऐकायचंच ना? मग दाखवतात कशाला?"

"तू जेवताना डोळे मिटतोस?"

दिन्या चहा सांडेपर्यंत हसला. दिन्या कोल्हापूरचा. त्याला संगीतातलं काही कळत नाही असं तोच सांगतो, पण मुद्द्याचे प्रश्न नेहमी त्याचेच असतात.

बापटचं म्हणणं थोडक्यात असं: गळ्यात दम नसला की माणूस डोक्यावर विग घालतो. ज्याला वाजवता येतं त्याला स्टेजवर अंतराळयान उतरवावं लागत नाही. हे त्याने 'अभिजात' हा शब्द चार वेळा घालून सांगितलं, मी तेवढं सगळं लिहीत बसत नाही.

सुहास ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. लग्नसराईत त्याला सोनेरी कोट घालावा लागतो, त्यामुळे हा घाव त्याला वैयक्तिक लागला. त्याने शांतपणे इतिहास काढला. म्हणे, उलट आहे. ही मंडळी आधी सुटाबुटातच गात होती. न्यू जर्सीतलं प्लेनफिल्ड, क्लिंटनचं केशकर्तनालय, आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना सूर जमवणारे पाच जण. नाव 'पार्लमेंट्स', तेही सिगारेटच्या पाकिटावरून उचललेलं. एकसारखे सूट, एकसारखे टाय, एकसारखी पावलं. सगळा जीव डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत शिरण्यात. मोटाउनने गायक म्हणून दारात उभं केलं नाही, पडद्यामागे गाणी लिहायला तेवढं घेतलं. शेवटी १९६७ साली दुसऱ्याच एका छोट्या कंपनीकडून त्यांचं 'टेस्टिफाय' गाजलं, अमेरिकेच्या यादीत पहिल्या विसात पोचलं.

"म्हणजे सूट होता तोवर बरं चाललं होतं," बापट म्हणाला.

"सूट होता तोवर त्यांच्यासारखे आणखी पन्नास होते," वैशू म्हणाली. "सगळे सूटवाले. टेम्पटेशन्ससारखी गाजलेली गाणारी मंडळी घरात असताना मोटाउन ह्यांना कशाला घेईल?"

मला विचाराल तर सगळं पुढचं त्या केशकर्तनालयात आहे. कुरळे केस जळजळीत रसायन लावून सरळ करायचे, गोऱ्यांसारखे चापून बसवायचे, हे त्या दुकानातलं मुख्य काम. माणूस खुर्चीत बसतो एक आणि उठतो दुसरा, हे क्लिंटनने वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने केलं. त्याच १९६७ च्या जुलैमध्ये प्लेनफिल्ड दंगलीत जळत होतं. त्यानंतर ह्या माणसाने सूट उतरवला, कधी नुसती चादर गुंडाळून स्टेजवर गेला, आणि पुढे डोक्यावर असे रंग चढवले की बघणाऱ्याला चापून बसवलेल्या केसांचीच लाज वाटावी. मी हे बोललो तेव्हा वैशूने मान डोलावली. बापट म्हणाला, "तू ब्लॉग लिही." आता लिहितोय तर घे.

सुहासचा आवडता किस्सा पुढचा आहे आणि तो प्रत्येक वेळी नव्याने सांगतो. कुठल्याशा कार्यक्रमाला ह्यांची वाद्यं पोचलीच नाहीत, म्हणून व्हॅनिला फज नावाच्या रॉक बँडचे भलेमोठे अॅम्प्लिफायर उसने घेतले. तो आवाज एकदा कानात गेला आणि परत लहान आवाजात वाजवणं कुणाला जमेना. त्यात जुन्या कंपनीशी भांडण झालं आणि 'पार्लमेंट्स' हे नावच अडकून पडलं. मग क्लिंटनने काय केलं? मागे साथीला बसणाऱ्या पोरांना पुढे आणलं, त्यांच्या बँडचं नाव 'फंकाडेलिक' ठेवलं आणि त्या नावाने डेट्रॉइटच्या वेस्टबाउंड कंपनीशी करार केला. पुढे जुनं नाव सुटलं, तेव्हा एक 'स' कमी करून 'पार्लमेंट' दुसऱ्या कंपनीला दिलं. माणसं तीच. स्टुडिओ तोच. ब्रास आणि गाणारे जास्त झाले की पार्लमेंट, गिटार जास्त झाली की फंकाडेलिक.

दिन्या उठून उभाच राहिला. "एका घरात दोन रेशनकार्डं! मानलं लका!"

बापट म्हणाला, हाच तर मुद्दा आहे, हा माणूस व्यापारी आहे, कलावंत नाही. तेव्हा सुहास काही बोलला नाही. त्याने फक्त 'मॅगट ब्रेन' लावलं. १९७१, फंकाडेलिक. सुरुवातीचं थोडं बोलणं त्याने पुढे ढकललं आणि थेट गिटारवर आणलं. दहा मिनिटांचं गाणं, जवळजवळ सगळं एकट्या एडी हेझलच्या गिटारचं. क्लिंटनने त्याला सांगितलं होतं म्हणतात, की तुझी आई गेल्याचं आत्ताच कळलंय असं समजून वाजव. मागची बाकीची वाद्यं क्लिंटनने नंतर मिश्रणात जवळजवळ पुसून टाकली, म्हणून ती गिटार अशी उघड्यावर पडलेली ऐकू येते.

बापटने सवयीने डोळे मिटले. रस्त्यावर रिक्षा, शेजारी पाणीपुरीवाला, मोबाइलचा पत्र्यासारखा आवाज, चौदा हजारांची वायर घरी. तरी हा मिटून बसला. चार-पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाला, "हे खरं. याला म्हणतात वाजवणं. हे कोण?"

"सर्कसवाले," वैशू म्हणाली.

इथे माणूस गप्प बसतो. बापट बसला नाही. म्हणाला, मग तर गुन्हा मोठाच आहे, असं वाजवू शकणाऱ्यांना लंगोट नेसवला. आणि मग त्याने फंकवाला गायक जेम्स ब्राउन काढला. त्याच्याकडे बघा म्हणे, शिस्त बघा.

जेम्स ब्राउनची शिस्त सुहासला चांगली माहीत आहे, कारण तशीच त्याच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाची आहे. चुकीचा सूर लागला, दंड. बुटाला पॉलिश नाही, दंड. सिनसिनाटीहून आलेला बूट्सी कॉलिन्स हा विशीच्या आतबाहेरचा पोरगा आणि त्याचा गिटारवाला भाऊ हे जेमतेम वर्षभर ब्राउनकडे टिकले. समेवर वजन टाकायचं, बाकी मात्रांमध्ये काय धुमाकूळ घालायचा तो घाल, हे बूट्सी तिथेच शिकला. ते घेऊन तो क्लिंटनकडे आला. क्लिंटनने त्याला बुटाबद्दल विचारलं नाही. बूट्सीने ताऱ्याच्या आकाराचा चष्मा घातला, ताऱ्याच्याच आकाराची बेस गिटार बनवून घेतली, आणि जे वाजवलं ते आजवर लोक गिरवतायत. पुढे ब्राउनचे मासिओ पार्कर आणि फ्रेड वेस्ली हे नावाजलेले ब्रासवालेही इकडेच आले.

"दंड नव्हता म्हणून आले," बापट.

"पगारही नव्हता," सुहास पुटपुटला. ते आम्ही तेव्हा सोडून दिलं. सोडायला नको होतं, कारण पुढे ते अंगावर आलं.

मग वैशूने मोबाइल हातात घेतला आणि ह्यूस्टन लावलं. ३१ ऑक्टोबर १९७६ चा कार्यक्रम. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मी तिच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. ती सांगत होती, यानाकडे बघू नका, यान यायच्या आधी काय चाललंय ते बघा. बँडचा गायक ग्लेन गॉइन्स पुढे येतो. आवाज असा की छप्पर असून नसल्यासारखं व्हावं. तो चर्चमधल्यासारखं हाका घालत राहतो, वर बघतो, मला यान येताना दिसतंय असं म्हणतो, आणि अख्खं सभागृह माना वर करून त्या अंधारात बघायला लागतं. आधी एक छोटं यान प्रेक्षकांच्या डोक्यावरून सरकत जातं. मग धूर, आणि धुरात वरून ते मोठं यान उतरतं. डोळ्यांना वाटतं, तेच यान लांबून जवळ आलं.

"दोन वस्तू आहेत," वैशू म्हणाली. "लहान आणि मोठी. मधला प्रवास तुम्ही स्वतः करता. ह्यालाच डिझाइन म्हणतात. ज्यूल्स फिशरचं काम आहे. ब्रॉडवेचा माणूस. प्रकाशयोजनेची टोनी पारितोषिकं घरात असलेला. क्लिंटनने जत्रेतला मांडववाला आणला नव्हता."

"जाळ अन् धूर संगटच!" दिन्या.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मला फार आवडली. त्याच महिन्यात न्यू ऑर्लिन्सला यान पहिल्यांदा उतरवलं, तेव्हा ते कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच उतरवलं होतं. त्यानंतर स्टेजवर काहीही करा, फिकं. लोकांनी यान बघितलंय, आता गाण्यात काय ठेवलंय? लगेच क्रम बदलला आणि यान शेवटाकडे नेलं. "पहिल्या अंकात खून झाला, दुसऱ्या अंकात चहाच प्यायचा," असं वैशूचं म्हणणं.

बापट म्हणाला, "हे सगळं मान्य. पण गाणाऱ्याला यान लागत नाही."

आणि वैशू जे बोलली त्यासाठी मी हा सगळा खटाटोप लिहायला घेतला. म्हणाली, "गाणाऱ्याला नाही लागत. पण क्लिंटन जन्मला नॉर्थ कॅरोलायनात, १९४१ साली. तिथे काळ्या माणसाला बसमध्ये मागच्या बाकावर बसवत होते. त्या माणसाला अख्खं यान चालवताना बघायला लोकांना लागतं. आणि तो ग्लेन गॉइन्स गातो काय? गुलामांच्या पोरांचं जुनं भजन. रथा, खाली ये, थांब आणि मला बसू दे. शंभर वर्षं गायले, रथ आला नाही. ह्यांनी आणून दाखवला. दिवे लावून."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दिन्याने विचारलं, "पैसा कुणी घातला?"

पैसा घातला कासाब्लांका रेकॉर्ड्सच्या नील बोगार्टने. चेहरे रंगवणारे किस त्याच्याकडे, डॉना समर त्याच्याकडे; दिखाव्यावर पैसा लावायला न घाबरणारा माणूस. पावणेतीन लाख डॉलरचं यान म्हणतात, १९७६ चे डॉलर. न्यूयॉर्क राज्यात विमानाच्या हँगरमध्ये तालमी झाल्या.

'पावणेतीन लाख' आणि 'उतरवलं' हे दोन शब्द दिन्याच्या तोंडून पाठोपाठ निघाले आणि बापट चटकन म्हणाला, "तो विषय नको." साहजिकच तोच विषय निघाला.

२०२३ च्या गणपतीत आमच्या मंडळाने चांद्रयानाचा देखावा केला होता. त्या वर्षी कुणी केला नव्हता? आमचं वेगळेपण एवढंच की आमचं लँडर खरोखर उतरणार होतं. दिन्याने साइटवरची मोटर आणली, वैशूने चंद्रावरचा उजेड केला (तो मात्र खरंच बघण्यासारखा होता), सुहासने कीबोर्डवर काउंटडाउनचं संगीत दिलं. पहिल्याच दिवशी, नगरसेवक समोर बसलेले असताना, लँडर साडेसहा फुटांवर आलं, डावीकडे कललं आणि थांबलं. सुहास दहा ते शून्य वाजवून मोकळा झाला. परत दहा ते शून्य वाजवलं. तिसऱ्या वेळी प्रेक्षकांतून मुलं बरोबर मोजायला लागली. लँडर अकरा दिवस तिथेच होतं, आणि खाली आम्ही पाटी लावली: 'यान कक्षेत आहे'.

"मोटर चांगली हुती," दिन्या म्हणाला. "तार ह्यानं स्वस्तातली आणली."

"बजेट होतं," बापट म्हणाला. बापट तेव्हा खजिनदार होता.

"स्वतःच्या स्पीकरला चौदा हजारांची तार," वैशू म्हणाली, "आणि लँडरला सुतळी."

इथून गाडी पुन्हा क्लिंटनवर आणली ती सुहासने, आणि जरा चिडून आणली. म्हणाला, तुम्ही यानाचं काय कौतुक करताय, यानाचे पैसे होते आणि वाजवणाऱ्यांचे नव्हते. 'फ्लॅश लाइट' घ्या. पार्लमेंटचं १९७८ साली अमेरिकेच्या आर अँड बी यादीत, म्हणजे काळ्यांच्या संगीताच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं. बूट्सीसारखा बेसवाला घरात असताना बेस कीबोर्डवर वाजवलाय. बर्नी वॉरेलने, मिनिमूग नावाच्या सिंथेसायझरवर. त्याने मोबाइलवर तेवढा तुकडा दोनदा लावला आणि कट्ट्याच्या कडेवर बोटांनी वाजवून दाखवला: सूर खाली घसरतो, तळाशी गेल्यावर किंचित डुलतो, आणि पुढच्या समेला असा येतो जणू उशीरच झाला नव्हता. आजच्या प्रत्येक सिंथ बेसच्या कुंडलीत हा माणूस निघतो. लहानपणापासून पियानोचं शास्त्रोक्त शिक्षण झालेला, बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला. "आणि लोकांना काय आठवतं? यान!"

"१९७७ मध्ये केशकर्तनालयातले मूळ तिघे सोडून गेले," सुहास पुढे म्हणाला. "फझी हॅस्किन्स, कॅल्व्हिन सायमन, ग्रेडी थॉमस. पैशांवरून आणि कारभारावरून. आणि १९८१ साली त्यांनी स्वतःचा अल्बम काढला. नाव काय दिलं बँडला? फंकाडेलिक!"

"तिसरं रेशनकार्ड!" दिन्या ओरडला.

"हसू नको. तो पेड्रो बेल घे. १९७३ पासून फंकाडेलिकच्या कव्हरवरचं ते सगळं जग त्याचं. मार्करने काढलेलं. ते राक्षस, ती बारीक अक्षरांतली बडबड. अर्धी पौराणिक कथा तर त्याने कव्हरवर रचलीय. म्हातारपणी शिकागोत दृष्टी गेलेली, हातात पैसा नाही."

वैशूने हे खोडलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हिशेब वाईट होता म्हणून नाटक वाईट होत नाही."

"नाटकवाल्यांचं हे नेहमीचंच," सुहास म्हणाला. "उद्या मलाही पैशांच्या ऐवजी तारा चिकटवलेला चष्मा द्या."

हे बोलणं वैशूला लागलं असावं, कारण तिने आवाज खाली आणला, आणि ती आवाज खाली आणते तेव्हा सांभाळून राहावं. म्हणाली, "सुहास, क्लिंटनकडे तरी कुठे राहिले? हिपहॉप सगळं ह्यांच्यावर उभं. डॉ. ड्रेचं 'लेट मी राइड' म्हणजे उघड उघड ह्यांचं यान. डी ला सोलचं 'मी मायसेल्फ अँड आय' ह्यांच्या 'नी डीप'वर. एन. डब्ल्यू. ए. च्या एका गाण्यात फंकाडेलिकच्या गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा होता, दोन सेकंद, त्यावर अमेरिकेच्या अपील कोर्टाने २००५ साली सांगितलं की परवाना घ्या नाहीतर तुकडा उचलू नका. दावा कुणी लावलेला? ब्रिजपोर्ट म्युझिकने. त्या प्रकाशकाने एकदम आठशेच्या आसपास प्रतिवादी उभे केले होते. आणि ब्रिजपोर्टशी क्लिंटन स्वतः भांडतोय, अजून भांडतोय. २००१ साली फ्लोरिडातल्या कोर्टाने गाणी त्यांचीच ठरवली. म्हणजे ज्याच्या नावावर जग वसुली करतं, तो माणूस स्वतःच वसुलीच्या रांगेत."

"ज्याने दुसऱ्यांना रांगेत ठेवलं तो," सुहास म्हणाला.

"हो. तोही. दोन्ही खरं आहे."

मी सुहासच्या बाजूने बोलणार होतो. पण मला त्या क्षणी ते यान आठवलं. मूळचं यान ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कर्ज आणि व्यसनं यांच्यात बँडचा खेळ आटोपला तेव्हा, मेरीलँडमध्ये भंगारात गेलं. आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात जे आहे ते नव्वदच्या दशकात पुन्हा बनवलेलं.

हे मी सांगायला नको होतं. बापटच्या चेहऱ्यावर दिवाळी. "म्हणजे संग्रहालयातलं नकली!"

"नाटकातलं यान," वैशू म्हणाली, "असली कधी होतं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे. पहिली आवृत्ती ती पहिली. मी तबकडी घेताना..."

"हा सर नोज आहे रे," सुहास मध्येच म्हणाला, आणि त्याचा राग एकदम उतरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पार्लमेंटच्या १९७७ च्या अल्बमपासून एक खलनायक आहे. सर नोज. लांब नाक, नाजूक चाल, आणि एकच व्रत: मी नाचणार नाही. त्याच्या विरुद्ध नायक स्टारचाइल्ड हातात 'बॉप गन' घेऊन येतो, जिची गोळी लागली की माणूस मरत नाही, नाचायला लागतो. 'फ्लॅश लाइट' हे त्या कथेचं शेवटचं गाणं, सर नोजवर प्रकाशझोत पडतो ते. खलनायकाचा गुन्हा काय, तर ताठ उभं राहणं. अशा कथा लिहिणारी मंडळी १९९७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेली, आणि एकदम सोळा जण गेले. त्यांना आत घ्यायला स्टेजवर प्रिन्स उभा होता. सोळांत बर्नी होता, बूट्सी होता, सोडून गेलेले ते तिघेही होते. सुहास म्हणतो, सोळांत बसले नाहीत त्यांचं काय. बरोबर आहे त्याचं.

"सर नोज बापट," दिन्या चवीने म्हणाला. "नाक तर हायच."

बापटला नाकावरून बोललेलं शाळेपासून चालत नाही. तो चिडला आणि क्लिंटनचा वकील असल्याच्या थाटात म्हणाला, "एक सांगतो. हे जे कोर्टबिर्ट चाललंय ना, सगळं एका गोष्टीमुळे. कागद ठेवले नाहीत. प्रत्येक वादकाला व्हाउचर, प्रत्येकाची सही, तारीख. एक वही. ती नीट ठेवली असती तर ना सुहासचं रडगाणं, ना ब्रिजपोर्ट, ना साडेआठशे कोटी. कलावंताला हिशेब नको असतो, इथेच घोळ होतो."

"बरोबर," वैशू म्हणाली. "बापट, चांद्रयानाच्या दिव्यांचे माझे साडेसात हजार राहिलेत."

"ते... ते बघावं लागेल. वही माझ्याकडे नाही."

"कुणाकडे आहे?"

"त्या वर्षीच्या खजिनदाराकडे."

"आणि त्या वर्षीचा खजिनदार कोण होता?"

बापटने विचार केला. खरंच केला, खोटं सांगत नाही. मग हसू दाबत म्हणाला, "यान कक्षेत आहे."

दिन्या कट्ट्यावरून घसरला. चहाचे पैसे कुणी दिले ते कुणालाच आठवत नाही. बापट म्हणतो त्याने दिले, व्हाउचर मागितलंय.